तापीच्या नावाचा वायू

बऱ्हाणपूर मागे टाकून तापी महाराष्ट्रात येते ती रावेर तालुक्याच्या दक्षिण अंगाने. पुढे चांगदेवला तिला पूर्णा मिळते, हतनूरला धरण अडवते, आणि सगळे खानदेश ओलांडून, उकाई-सुरत करत ती डुमसजवळ समुद्राला मिळते. मुलताईपासून मोजले तर ७२४ किलोमीटर. शाळेच्या भूगोलात नदी इथे संपते. तेल खात्याच्या नकाशावर मात्र तिचे नाव किनारा सोडून आणखी आत, खोल पाण्याकडे गेलेले दिसते. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी समुद्राच्या तळाखाली दोन वायुक्षेत्रे आहेत : दक्षिण ताप्ती आणि मध्य ताप्ती.

हे नाव नुसते शेजारधर्माने पडलेले नाही. ज्या वालुकाश्मात हा वायू साठला, ती वाळू काही कोटी वर्षांपूर्वी प्राचीन नर्मदा-तापीच्या मुखाशी साचलेली आहे, असे भूशास्त्रज्ञ मानतात. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर-यावलच्या शिवारात गाळाचे जे जाड थर आहेत, ते घालणारी नदी समुद्रातही तेच काम करत होती. गाळावर गाळ चढला, खालच्या सेंद्रिय द्रव्याचे उष्णतेने आणि दाबाने तेल-वायू झाले, आणि वरच्या चिकणमातीच्या थराने त्याला झाकण घातले.

ताप्तीचे साठे मुंबई हायच्या मानाने लहान. सरकारी महामंडळाने शोधले, बरीच वर्षे राखून ठेवले, मग खासगी भागीदारांच्या हाती दिले. त्यांनी वायू काढला, साठा आटला, आणि अखेर समुद्रातले लोखंडही उचलले गेले. जन्मापासून शेवटापर्यंतचा सगळा जीवनक्रम पूर्ण झालेली भारतीय समुद्रातली अशी क्षेत्रे फार थोडी. लहान साठ्यांचा इतिहास वाचायचा तर म्हणूनच ताप्तीपासून सुरुवात करावी. आणि तो वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते : लहान साठ्याचे भवितव्य जेवढे खडकात ठरते, त्याहून जास्त दिल्लीतल्या कागदावर आणि शेजारच्या पाइपवर ठरते.

आधी मोठे घबाड

स्वातंत्र्यानंतर देशात तेल होते ते आसामात. पश्चिमेकडे काही सापडेल यावर परदेशी कंपन्यांचा फारसा विश्वास नव्हता. केशवदेव मालवीयांच्या आग्रहाने १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे ओएनजीसी, उभा राहिला आणि सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने शोध सुरू झाला. १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेजला तेल लागले, १९६० मध्ये अंकलेश्वरला. जमिनीवरचे हे थर समुद्राकडे उतरत जातात हे दिसत होते. तेव्हा पुढचा प्रश्न साहजिक होता : पाण्याखाली काय आहे?

साठच्या दशकाच्या मध्यावर ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाने पश्चिम किनाऱ्यालगत भूकंपीय पाहणी केली. पाण्यात स्फोट करायचे, तळाखालच्या थरांवरून परतणाऱ्या लहरी टिपायच्या, आणि त्या लहरींना लागलेल्या वेळावरून खडकाची ठेवण काढायची. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर खडकाचा एक अवाढव्य फुगवटा कागदावर उमटला. त्यालाच पुढे ‘बॉम्बे हाय’, म्हणजे आजचे मुंबई हाय, म्हणू लागले.

तिथे लगेच हात घालण्याची तयारी देशाकडे नव्हती. समुद्रातली पहिली विहीर खंभातच्या आखातात, भावनगरच्या बाजूला आलियाबेटपाशी खणायला घेतली. १९ मार्च १९७० रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते त्या कामाचा प्रारंभ झाला. आलियाबेटने घबाड दिले नाही, पण भरती-ओहोटीच्या पाण्यात काम कसे करायचे याचा धडा दिला.

खोल पाण्यासाठी फिरती रिग हवी होती. जपानमध्ये हिरोशिमाच्या मित्सुबिशी गोदीत ती १९७३ मध्ये तयार झाली : ‘सागर सम्राट’. जॅक-अप जातीची ही रिग तरंगत जागेवर जाते, मग आपले उंच पोलादी पाय खाली सोडून तळावर रोवते आणि त्या पायांवर स्वतःला लाटांच्या वर उचलून घेते. तिला पाहायला समुद्रात जावे लागत नाही. २०१५ पासून निघालेली एक रुपयाची नोट उलटी करून पाहा. मागच्या बाजूला, नाण्याच्या चित्रापाठीमागे जे समुद्रातले लोखंडी बांधकाम आहे, ते सागर सम्राट.

जानेवारी १९७४ च्या अखेरीस सागर सम्राटने बॉम्बे हायवर पहिली विहीर खणायला घेतली आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तेल लागले. वेळ अशी होती की त्याहून मोलाची वेळ शोधून सापडली नसती. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्चे तेल पिंपामागे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या घरात गेले होते. परकीय चलनाची तिजोरी रिती होत होती. रावेरपासून शहाद्यापर्यंत विहिरींवर फटफटणाऱ्या ऑइल इंजिनांनाही महागाईची ही झळ पोचत होती.

२१ मे १९७६ रोजी बॉम्बे हायचे उत्पादन सुरू झाले. शोधापासून उत्पादनापर्यंत २७ महिने. हा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा. पुढे जे यायचे आहे त्याच्याशी ताडून पाहायला तो लागेल. सुरुवातीला तेल टँकरने बंदरात यायचे. १९७८ मध्ये उरणपर्यंत समुद्राखालून पाइप आले. ऐंशीच्या दशकात बॉम्बे हाय दिवसाला ४ लाख पिंपांच्या आसपास तेल देऊ लागले. एक पिंप म्हणजे १५९ लिटर.

तेलाबरोबर वायूही वर येत होता. पहिली काही वर्षे त्यातला बराचसा समुद्रावरच जाळून टाकावा लागला, कारण घ्यायला कोणी तयार नव्हते. मग उरणला वायूवर प्रक्रिया करणारा कारखाना आला, आणि १९८५ मध्ये अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा युरिया प्रकल्प सुरू झाला. समुद्रातला वायू खानदेशात पोचला तो या वाटेने. केळीच्या खोडाशी टाकायला शेतकऱ्याने फोडलेल्या ‘उज्ज्वला’ युरियाच्या गोणीतले नत्र हवेतून घेतलेले असते, पण ते बांधून ठेवायला लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूतून येतो. थळच्या कारखान्याला तो वायू मुंबईच्या समुद्राने पुरवला.

रत्ने सापडली, पेटीत राहिली

बॉम्बे हायने हात दिल्यावर आजूबाजूला शोधाचा धडाका लागला. १९७६ मध्ये वसईचे प्रचंड वायुक्षेत्र सापडले. मग एकामागून एक क्षेत्रे मिळत गेली आणि त्यांना रत्नांची नावे पडली : हीरा, पन्ना, मुक्ता, रत्ना, नीलम. ताप्तीची जोडी याच काळातली. याशिवाय नाव मिळण्याइतकीही योग्यता नसलेले बरेच शोध होते. त्यांची ओळख अक्षर आणि आकडा एवढीच : बी-१२, बी-८०, सी-२४, डी-१, डब्ल्यूओ-१६.

हीरा १९८४ मध्ये उत्पादनात आले. वसईचा वायू हजिराला आला आणि तिथून विजयपूर-जगदीशपूरच्या पाइपलाइनने उत्तरेकडे गेला. मोठ्यांची सोय लागली. लहान साठे मात्र नकाशावर खूण करून बाजूला ठेवले गेले. यात आळस होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. हिशेबच तसा होता.

समुद्रात विहीर खणायची तर रिगचे भाडे दिवसावर चालते. खाली तेल थोडे आहे की फार, याची रिगमालकाला फिकीर नसते. तेल लागल्यावर विहिरींच्या तोंडावर प्लॅटफॉर्म लागतो. तो माझगाव डॉकच्या न्हावा यार्डासारख्या ठिकाणी किनाऱ्यावर बांधायचा, बार्जवरून न्यायचा आणि तळात खांब ठोकून बसवायचा. मग तेल, वायू आणि पाणी वेगळे करणारा प्रक्रिया-प्लॅटफॉर्म, किनाऱ्यापर्यंतचा पाइप, हेलिकॉप्टरे, पुरवठा-जहाजे. या खर्चाचा मोठा भाग साठा लहान म्हणून लहान होत नाही.

रावेरच्या केळीवाल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. बोअरला दोन इंची पाणी लागले, तर त्या पाण्याची किंमत पाण्यावरून ठरत नाही. विजेचा खांब किती दूर आणि शेजाऱ्याची पाइपलाइन बांधावरून गेली आहे की नाही, यावरून ठरते. पाइपलाइन जवळ असेल आणि शेजारी राजी असेल तर दोन इंचांत बाग उभी राहते. नसेल तर त्या बोअरवर झाकण बसते.

समुद्रातल्या लहान साठ्याचेही असेच. जवळ मोठ्या क्षेत्राचा प्लॅटफॉर्म असेल, त्यावर जागा रिकामी असेल, तर माणूस न राहणारा एक छोटा विहीर-प्लॅटफॉर्म उभारून थोड्या पाइपाने काम भागते. पण ऐंशीच्या दशकात मोठ्या क्षेत्रांचे प्लॅटफॉर्म स्वतःच्याच तेलाने भरलेले होते. लहानांना वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

वाट पाहणाऱ्या साठ्याचे तेल उडून जात नाही हे खरे. पण शेजारचे लोखंड समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजत असते. मोठ्या क्षेत्राचे तेल संपत आले की त्याचे प्लॅटफॉर्म आणि पाइपही निवृत्तीला येतात. लहान साठ्याला ज्याच्या खांद्यावर बसायचे तो खांदाच उरत नाही. म्हणजे उशीर फुकट नसतो. त्याचे बिल नंतर येते.

१९९१ नंतरचा लिलाव

१९९१ मध्ये परकीय गंगाजळी तळाला गेली आणि सोने गहाण टाकायची वेळ आली. त्याच सुमारास बॉम्बे हायचे उत्पादनही घसरणीला लागले होते. तेल जोरात उपसले गेले, खडकातला दाब खाली आला, अशी टीका होत होती. ओएनजीसीकडे सगळीकडे एकदम घालायला पैसा नव्हता. तेव्हा सरकारने शोध लागलेली, पण पूर्ण विकसित न झालेली मध्यम आणि लहान क्षेत्रे खासगी कंपन्यांपुढे ठेवली. या फेऱ्यांतून पुढे अशा क्षेत्रांचे २८ करार झाले.

त्यांतल्या दोन करारांत महाराष्ट्राच्या ओळखीची नावे आहेत. पहिला आंध्रच्या किनाऱ्यालगतच्या रव्वा क्षेत्राचा, २८ ऑक्टोबर १९९४ चा. हे क्षेत्र ओएनजीसीने १९८७ मध्ये शोधले होते. नव्या भागीदारीत ऑस्ट्रेलियाची कमांड पेट्रोलियम होती आणि २५ टक्के वाट्यासह व्हिडिओकॉन होती. तेव्हाच्या औरंगाबादेजवळ चितेगावात टीव्ही बनवणारी कंपनी बंगालच्या उपसागरात तेलात उतरली. टीव्हीचा धंदा पुढे बुडाला; रव्वाने मात्र सुरुवातीच्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक तेल दिले. लहान म्हणून ठरवलेला साठा चांगल्या हाताळणीत मोठा निघू शकतो, याचे हे आपल्याकडचे ठळक उदाहरण.

दुसरा करार २२ डिसेंबर १९९४ चा : पन्ना-मुक्ता आणि मध्य व दक्षिण ताप्ती. ओएनजीसी ४० टक्के, रिलायन्स ३० टक्के, एन्रॉन ३० टक्के. मुदत २५ वर्षे. एन्रॉन म्हटले की मराठी वाचकाला दाभोळ आठवते, अंजनवेलचे आंदोलन आठवते, १९९५ मध्ये जोशी सरकारने रद्द करून पुन्हा केलेला वीज करार आठवतो. त्याच कंपनीचे दुसरे बिऱ्हाड त्याच काळात मुंबईच्या समुद्रात थाटले जात होते, याची चर्चा त्या मानाने कमी झाली. पन्नामधून ओएनजीसी आधीच तेल काढत होती. मग ते शोधून, सजवून दुसऱ्याला का दिले, असा आक्षेप होता. चौकशीची मागणी झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००० मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली.

करार कोणत्या तऱ्हेचा होता हे नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढचे बरेच वाद त्यातूनच निघाले. याला उत्पादन-वाटणी करार म्हणतात. कंपनीने आधी खर्च करायचा. तेल-वायू विकून तो खर्च वसूल करायचा. उरलेल्या नफ्यात सरकारने वाटा घ्यायचा. कागदावर दोघांचे हित एकच. व्यवहारात मात्र प्रत्येक पाइपाच्या बिलावर सरकारने शंका घ्यायची आणि कंपनीने खुलासा द्यायचा. खर्च जितका जास्त मान्य होईल, तितका सरकारच्या वाट्याचा दिवस पुढे जातो. पन्ना-मुक्ता-ताप्तीत खर्चवसुली, रॉयल्टी, कर या मुद्द्यांवर मतभेद झाले आणि २०१० च्या अखेरीस रिलायन्स आणि तिच्या परदेशी भागीदाराने सरकारविरुद्ध लवादाची वाट धरली. ते भांडण मूळ करार संपल्यावरही चालू राहिले.

तिकडे समुद्रात काम झाले. ताप्तीचा वायू हजिराला येऊ लागला. हजिरा म्हणजे तापीच्या मुखाचा काठ. नदीच्या नावाचा वायू नदीच्याच दारात जमिनीवर आला, आणि तिथून उत्तरेच्या पाइपलाइनला लागला. खानदेशाला वळसा पडला. २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे वाजले. २००२ मध्ये तिचा वाटा ब्रिटनच्या बीजी कंपनीने विकत घेतला. २०१६ मध्ये बीजी स्वतः शेलच्या पोटात गेली. दाभोळचे जनित्र बंद पडून राहिले त्या वर्षांत ताप्तीची विहीर मात्र चालू होती. मालक बदलले तरी तिथल्या इंजिनियरांची पाळी बदलली नाही.

वीस वर्षे उघडी पडलेली रत्ना

पन्ना-मुक्ताला निदान हात लागला. रत्नाची गोष्ट वेगळी. मुंबईच्या नैर्ऋत्येला सुमारे १३० किलोमीटरवर रत्ना आणि तिच्या शेजारचे छोटे साठे आहेत. त्यांना मिळून आर-मालिका म्हणतात. ओएनजीसीने इथून ऐंशीच्या दशकात तेल काढले. खासगीकरणाच्या यादीत नाव आल्यावर १९९४ मध्ये उत्पादन थांबवले. १९९६ मध्ये हे क्षेत्र एस्सार ऑइल आणि प्रीमियर ऑइल यांच्या गटाला द्यायचे ठरले. ठरले, पण करारावर सह्या झाल्या नाहीत.

आधी रॉयल्टी आणि उपकराच्या दराचा घोळ. मग तो दर कोणत्या वर्षाचा धरायचा याचा घोळ. मग इतक्या वर्षांनंतर जुन्या अटींवर द्यायचे की नव्याने लिलाव करायचा, याचा घोळ. सरकारे आली-गेली, मंत्रालयातले सचिव बदलले. कच्चे तेल २००८ मध्ये पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढले, २०१६ च्या जानेवारीत ३० डॉलरच्या खाली उतरले. या सगळ्या चढ-उतारात रत्नामधून थेंबही निघाला नाही. मार्च २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ते वाटप रद्द करून क्षेत्र ओएनजीसीला परत दिले. ओएनजीसीने मग तिथे नव्याने पैसा घालून उत्पादन पुन्हा सुरू केले.

बॉम्बे हायला शोधापासून उत्पादनापर्यंत २७ महिने लागले होते. रत्ना नुसत्या सह्यांसाठी वीस वर्षे थांबली. १९७४ मध्ये देशाकडे अनुभव नव्हता, यंत्रे नव्हती, पैसाही नव्हता. नड मात्र मोठी होती, म्हणून सगळे एका दिशेने धावले. एका लहान साठ्यासाठी कोणी धावत नाही. त्याच्या फाइलवर चुकीची सही झाली तर चौकशी लागते. सही झालीच नाही तर कोणी विचारत नाही. अशा वेळी अधिकारी काय करतो, हे सरकारी कचेरीची पायरी चढलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

नव्या अटी

२०१५ पर्यंत हे शहाणपण दिल्लीत पोचले. त्या वर्षी २ सप्टेंबरला मंत्रिमंडळाने ६९ लहान क्षेत्रांसाठी नवे धोरण मंजूर केले. त्यांतली ६३ ओएनजीसीकडे पडून होती, ६ ऑइल इंडियाकडे. खर्च तपासत बसण्याची पद्धत मोडली. कंपनीने खर्च कितीही करो, पहिल्या पिंपापासून सरकारला महसुलाचा ठरलेला वाटा द्यायचा. तेल आणि वायू दोन्हींसाठी एकच परवाना. विक्रीच्या दराची मोकळीक. उपकर नाही, आणि पूर्वानुभवाची सक्तीही नाही. मे २०१६ मध्ये ६७ क्षेत्रांचा पहिला लिलाव जाहीर झाला आणि मार्च २०१७ मध्ये तीसेक करारांवर सह्या झाल्या. २०१८ आणि २०२१ मध्ये पुढच्या फेऱ्या निघाल्या.

मुंबईच्या समुद्रातले बी-८० हे त्या पहिल्या फेरीतले. ते घेण्यात पुढाकार होता हिंदुस्तान ऑइल एक्सप्लोरेशन या कंपनीचा. १९८३ मध्ये एच. टी. पारेख यांनी, म्हणजे घरकर्जाची एचडीएफसी उभी करणाऱ्या गृहस्थांनी, ही कंपनी स्थापन केली होती. बी-८० वर त्यांनी कायमचा प्लॅटफॉर्म बांधण्याचा घाट घातला नाही. दोन विहिरी, वर प्रक्रियेसाठी फिरते युनिट, तेल साठवायला नांगरून ठेवलेले जहाज. साठा संपला की सगळे उचलून दुसरीकडे नेता यावे अशी मांडणी. २०२२ मध्ये तिथून उत्पादन सुरू झाले. ओएनजीसीनेही हाच मार्ग आधी धरला होता. लांबच्या डी-१ क्षेत्रावर २०१३ पासून ‘आर्मडा स्टर्लिंग’ हे भाड्याचे जहाज तेल काढून, शुद्ध करून, साठवून ठेवू लागले.

मात्र करार सोपा झाला म्हणून समुद्र सोपा होत नाही. चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी, जुहूहून हेलिकॉप्टरने ये-जा, अशी ही नोकरी. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई महापुरात असतानाच, मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर आपल्यावरच्या एका जखमी कामगाराला उतरवायला आलेले जहाज धडकले. वायूचा पाइप फुटला, आग लागली आणि २२ जण गेले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात पी-३०५ हा कामगारांचा बार्ज नांगर तुटून वाहत गेला आणि बुडाला. त्यावरच्या २६१ जणांपैकी १८६ जणांना नौदलाने वाचवले. सत्तरहून अधिक परतले नाहीत. लहान साठ्यावर खर्च वाचवताना काय वाचवायचे नाही, याची ही यादी आहे.

शेवटाचा उपयोग

ताप्तीचा वायू २०१६ मध्ये थांबला. त्या वेळी घेतलेला एक निर्णय या सगळ्या इतिहासात उठून दिसतो. ताप्तीचा प्रक्रिया-प्लॅटफॉर्म आणि हजिराकडे जाणारी वाहिनी भंगारात न काढता ओएनजीसीने ताब्यात घेतली. शेजारी दमणच्या बाजूला बी-१२ आणि सी-२४ हे साठे कित्येक वर्षे पडून होते. स्वतंत्रपणे ते परवडले नसते. ताप्तीचे रिकामे झालेले लोखंड मिळाले आणि त्यांचा हिशेब जमला. त्याच वर्षाच्या अखेरीस दमण प्रकल्पातून वायू येऊ लागला. विहिरींवरचे जे प्लॅटफॉर्म कोणाच्याच कामाचे नव्हते, ते मात्र उतरवायचे होते. विहिरी सिमेंटने बुजवायच्या, तळाखालून पोलाद कापायचे, उचलून किनाऱ्यावर आणायचे. ओएनजीसी, रिलायन्स आणि शेल यांनी मिळून केलेले हे काम संपल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. समुद्रातल्या तेल-वायू सुविधा उतरवण्याचा देशातला तो पहिलाच प्रकल्प.

पन्ना-मुक्ताचा करार डिसेंबर २०१९ मध्ये संपला आणि ती क्षेत्रे ओएनजीसीकडे परत आली. आणि सागर सम्राट? सुमारे १२५ विहिरी खणून आणि १४ महत्त्वाच्या शोधांत वाटा उचलून ती रिग म्हातारी झाली होती. तिला खणण्याच्या कामातून काढून उत्पादनाचे फिरते युनिट बनवायचे ठरले. काम ठरल्या वेळेपेक्षा फार लांबले. अखेर २३ डिसेंबर २०२२ रोजी तिने डब्ल्यूओ-१६ या लहान क्षेत्रावर उत्पादन सुरू केले. दिवसाला २० हजार पिंपे हाताळण्याची तिची क्षमता. साठ्याकडून अपेक्षा ६ हजारांच्या वाढीची. मुंबई हायच्या भरभराटीच्या दिवसांपुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण आज देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो, आणि नवे मुंबई हाय गेल्या पन्नास वर्षांत सापडलेले नाही. उरले आहेत ते असेच किरकोळ आकडे, आणि त्यांची बेरीज.

या बेरजेत महाराष्ट्राच्या खात्यावर थेट काही जमा होत नाही. जमिनीवर तेल निघाले तर रॉयल्टी राज्याला मिळते, म्हणून आसाम आणि गुजरातला ती मिळते. किनाऱ्यापलीकडच्या समुद्रातली खनिज संपत्ती राज्यघटनेच्या २९७ व्या कलमाने केंद्राची. नाव मुंबईचे असो वा तापीचे, रॉयल्टी दिल्लीला. त्यामुळे या क्षेत्रांतल्या दिरंगाईबद्दल इथल्या विधानसभेत आवाज उठण्याचे कारण नव्हते, आणि तो फारसा उठलाही नाही. ज्याचे थेट नुकसान होत नाही तो ओरडत नाही. आणि ज्याचे होते, तो आयातीच्या बिलात विखुरलेला असतो : डिझेल भरणारा ट्रॅक्टरवाला, युरियासाठी रांगेत उभा असलेला शेतकरी, सिलिंडर बुक करणारी गृहिणी.

ताप्ती-दमणचा धडा एवढाच की जुना शेजारी चालू असतानाच लहान साठ्याचा निर्णय झाला पाहिजे. मुंबई हाय, हीरा, नीलम, वसई यांचे पाइप आणि प्लॅटफॉर्म आता तीस-चाळीस वर्षांचे होऊन गेले आहेत. अक्षर-आकड्यांच्या नावाचे जे शोध अजून बाकी आहेत, त्यांच्यासाठी खरी मुदत करारात लिहिलेली नाही. ती या लोखंडाच्या उरलेल्या आयुष्याइतकी आहे.